चिटणीस बाळाजी आवजी

शनिवारच्या सकाळीं शेवटच्या तासास आमच्या वर्गांत टांक आणि दौत घेऊन अक्षर घोटण्याचा अभ्यास चालतो, हें तुम्हां विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. बॉलपेनाच्या या दिवसांत हा उद्योग कित्येकांस वेडगळ वाटतो, हेंही मला ठाऊक आहे. बोटें निळीं होतात, सदऱ्यावर ठिपके पडतात, निबेचें टोंक कागदांत रुतून त्याचे तंतू उपटून काढतें, आणि एवढें सोसून तासाअखेर हातीं काय लागतें, तर चार ओळी. गेल्या वर्षीं एका मुलानें मला सरळच विचारलें कीं, अक्षर सुरेख असल्यामुळें आजवर कोणाचें कांहीं भलें झालें आहे काय. इतक्यांत घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें उत्तर मी येथें देत आहें. त्यानें विचारलें होतें त्यापेक्षां तें थोडें मोठें आहे. कारण ज्या पुरुषाचें चरित्र मी सांगणार आहें, त्याचें भाग्य लेखणीच्या वाटेनें आलें आणि त्याच्या घरावर प्राणसंकट आलें तेंही त्याच वाटेनें.

हा पुरुष म्हणजे छत्रपति शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. तलवार गाजविलेल्या वीरांचीं चरित्रें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. तानाजी, बाजी प्रभु, प्रतापराव हीं नांवें लहान मुलांच्याही तोंडीं आहेत. परंतु किल्ला घेतल्यावर त्याची व्यवस्था लावण्याचा हुकूम कोणी लिहिला, देशमुख-देशपांड्यांस अभयपत्र कोणी दिलें, दूरच्या दरबारास पाठवावयाचा मजकूर कोणी जुळविला, हें आपण सहसा विचारीत नाहीं. आपला इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरींत मोडत असे. पुणें, सुपें, इंदापूर, चाकण हीं नांवें महाराजांच्या बाळपणाच्या इतिहासांत पुनःपुनः येतात. आज ज्या नीरेकांठीं साखर कारखान्याची चिमणी दिसते, तेथें शेठ वालचंद हिराचंद यांनीं वसाहत उभारण्यापूर्वीं जवळजवळ तीन शतकें या भागांतील पाटील-कुळकर्णी सरकारी कागदांची वाट पाहत असत, आणि ते कागद मोडींत लिहिलेले असत.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं या मोडी अक्षराविषयीं व तें काढण्याच्या साधनांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहींतर बाळाजीची थोरवी कशांत होती तें कळणार नाहीं. आपण वर्गांत वापरतों तो टांक म्हणजे लांकडी दांडीस बसविलेली पोलादी निब. ही निब गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं यंत्रावर मुबलक बनूं लागली व तेथून जगभर पसरली. तिचें टोंक अणकुचीदार असतें. हात दाबला कीं मधली चीर फांकते आणि रेघ जाड होते. हात हलका केला कीं रेघ केसासारखी बारीक येते. अमेरिकेंत प्लॅट रॉजर्स स्पेन्सर नांवाच्या गृहस्थानें याच खुबीवर एक वळणदार लिपीपद्धति बसविली, आणि तिचे कित्ते तिकडील शाळांतून पुष्कळ वर्षें गिरविले गेले. बाळाजीच्या हातीं मात्र निब नव्हती, बोरू होता. बोरू म्हणजे एका जातीच्या वेताची पोकळ कांडी. तिचें टोंक चाकूनें तिरपें छाटावयाचें व मध्यें एक चीर पाडावयाची. बोरूची रेघ हात दाबल्यानें जाड होत नाहीं. छाट कोणत्या कोनांत कागदावर टेकते, त्यावर जाडी ठरते. आपल्या वालचंदनगरांतील ज्या मुलांचे वडील लेथवर काम करतात त्यांना हें समजावयास वेळ लागूं नये. हत्याराची धार कोणत्या कोनांत घांसली आहे यावर लोखंडाचा छेद अवलंबून असतो. बोरूचेंही तसेंच आहे. ज्याला बोरू छाटतां येत नाहीं त्याला अक्षर येत नाहीं, असें जुने पंतोजी समजत, तें खोटें नव्हे.

शाई घरीं करीत. दिव्याचें काजळ धरावयाचें, त्यांत बाभळीचा डिंक घालून पुष्कळ वेळ खलावयाचें. बाभळीची आपल्या तालुक्यांत कधींच वाण नव्हती! कागद हातानें केलेला असे. जुन्नर व दौलताबाद येथील कागदास मोठी मागणी होती. तो गुळगुळीत दगडानें किंवा शंखानें घोटून घेत, म्हणजे बोरू अडखळत नसे व शाई फुटत नसे. लिहून झालें कीं ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती झटकून देत; टीपकागदाचें काम ती वाळू करी. जुन्या दप्तरांतील कागद उलगडतांना अजूनही एखादे वेळीं त्या वाळूचे कण बोटांस लागतात.

आणि मोडी लिपी! देवनागरी, म्हणजे बाळबोध, लिहितांना आपण अक्षर काढून मग त्यावर रेघ देतों. मोडींत उलटें आहे. आधीं पानाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरें टांगीत जावयाचें. हात शक्य तितका उचलावयाचा नाहीं. एका अक्षराच्या शेपटींतून दुसऱ्या अक्षराचें डोकें निघावें. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, दोन शब्दांत जागा नाहीं, पूर्णविराम नाहीं. वेग हा या लिपीचा प्राण. परंतु वेगानें लिहिलेलें वाचणाराला लागलें पाहिजे, नाहींतर किल्लेदारास गेलेला हुकूम भलताच वाचला जावयाचा. बाळाजीच्या काळींच समर्थ रामदासांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास घातला. तो बाळबोध अक्षरासंबंधीं आहे, आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें अशी अपेक्षा त्यांत केली आहे. आपण ज्याला टांक म्हणतों तो शब्दही किती जुना आहे हें यावरून दिसेल. वेग आणि ही एकसारखी टाप या दोन्ही गोष्टी एकाच हातांत असणें दुर्मिळ. त्या बाळाजीच्या हातांत होत्या. मोडीच्या निरनिराळ्या वळणांपैकीं एकाला पुढें चिटणिशी वळण असें नांव पडलें, आणि तें घराणें बाळाजीचें.

बाळाजीचे वडील आवजी हरि चित्रे हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरीं मोठ्या अधिकारावर होते. ज्ञातीनें चांद्रसेनीय कायस्थ प्रभु. लेखणी हीच या लोकांची पिढीजाद मिरास. सिद्दीच्या मनांत आवजीविषयीं विकल्प आला आणि त्यानें त्यांस ठार मारविलें. एवढ्यावर त्याचा राग शमला नाहीं. आवजीची विधवा पत्नी व बाळाजी, चिमणाजी आणि शामजी असे तीन मुलगे यांना गुलाम म्हणून विकून टाकण्याचा त्यानें हुकूम सोडला. त्या काळीं कोंकणच्या बंदरांतून माणसें मालाप्रमाणें विकलीं जात असत, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. घराण्याची बखर सांगते कीं, या मायलेंकरांना समुद्रापलीकडे न्यावयाचें होतें. पण त्या बाईनें गलबतावरच्या माणसांची विनवणी करून तें राजापूरच्या बंदरीं लाववून घेतलें. तेथें तिचा भाऊ विसाजी शंकर राहत असे. त्यानें किंमत भरून बहीण व भाचे सोडविले. हें चरित्र लिहितांना माझी लेखणी या ठिकाणीं थांबली होती. ज्या बाईचा नवरा नुकताच मारला गेला, जी स्वतः विक्रीस निघाली आहे, तिनें खलाशांशीं काय बोलून त्यांचें मन वळविलें असेल! तें बोलणें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं. पुढें स्वराज्याचीं शेंकडों पत्रें ज्याच्या हातून निघालीं, तो मुलगा त्या वेळीं आईच्या पदराआड उभा होता.

राजापूर हें तेव्हां मोठें गजबजलेलें बंदर. तेथें इंग्रजांची वखार होती, आरबांचीं व इतरांचीं गलबतें येत, घाटावरचा माल उतरे. अशा ठिकाणीं कारकुनाला काम भरपूर. मामाच्या घरीं बाळाजीनें लिहिणें शिकून घेतलें व तेथेंच कारकुनी धरली. इ. स. १६६१ त शिवाजी महाराजांनीं राजापुरावर स्वारी केली. पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास तोफांची मदत केली म्हणून तेथील इंग्रजांवर त्यांचा रोष होता, आणि वखारवाल्यांस त्यांनीं कैद करून नेलें. ही स्वारी इतिहासांत त्या वखारीमुळें प्रसिद्ध आहे. मला मात्र तिच्यापेक्षां बखरकारांची ती दुसरी गोष्ट मोलाची वाटते कीं, राजापुरींच महाराजांच्या दृष्टीस एका तरुणाचें अक्षर पडलें. तें लिहिणारा कोण याची त्यांनीं चौकशी केली. बापाचा वध सिद्दीनें केलेला, स्वतः विक्रीस निघालेला, असा हा मुलगा आहे हें कळल्यावर महाराजांनीं त्यास आपल्या सेवेंत घेतलें, व पुढें चिटणिशीचें काम सांगितलें. त्याच्या भावांसही चाकरी मिळाली.

चिटणीस हा शब्द चिठ्ठी आणि फारशींतील नवीस, म्हणजे लिहिणारा, या दोहोंपासून झाला आहे. काम मात्र चिठ्ठी लिहिण्याइतकें सोपें नव्हतें. राजपत्रें लिहावीं, आलेल्या पत्रांचीं उत्तरें द्यावीं, कोणास किती मानानें संबोधावें तें अचूक जाणावें. देशमुखास लिहिण्याची रीत वेगळी, किल्लेदारास वेगळी, ब्राह्मणास वेगळी, परदरबारच्या सरदारास त्याहून वेगळी. एका मायन्यांत कमीजास्त झालें तर एक मनुष्य कायमचा दुखावला जावयाचा. आधीं खर्डा करीत, तो ऐकवीत, मग साफ प्रत लिहीत. पत्राच्या माथ्यावर महाराजांची अष्टकोनी मुद्रा उमटे. मजकूर संपला कीं शेवटच्या ओळीला लागून दुसरा लहान शिक्का मारीत. त्याच्यापुढें कोणास एक अक्षरही वाढवितां येऊं नये हा त्याचा हेतु. लांब पत्र असेल तर कागदास कागद चिकटवीत, व त्या जोडावर पाठीमागून शिक्का करीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालण्याची सोय राहत नसे. एवढी खबरदारी कशासाठीं? कारण त्या काळीं दूरच्या गडावर राजा स्वतः दिसत नसे; त्याचा कागद दिसे. ओळखीचा शिक्का आणि ओळखीचें वळण हाच राजा. बाळाजीचें अक्षर ओळखून दरवाजे उघडत व बंद होत, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

फारशी पत्रें लिहिण्यासाठीं महाराजांजवळ नीळ प्रभु मुनशी होते. जिझिया कराविरुद्ध औरंगजेबास गेलेलें प्रसिद्ध पत्र त्यांच्या हातचें असें इतिहासकार सांगतात. मराठी लेखनाचा भार बाळाजीवर.

त्याची एक गोष्ट लहानथोर सर्वांस आवडते. ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. एके दिवशीं महाराजांनीं बाळाजीस एका महत्त्वाच्या पत्राचा आशय सांगितला व तें लिहून ठेवावयास आज्ञा केली. दिवसभर कामाची इतकी गर्दी उडाली कीं, पत्रास हात लावावयास सवड झाली नाहीं. रात्रीं महाराजांनीं पत्र वाचून दाखविण्यास सांगितलें. बाळाजीनें निमूटपणें कागद उलगडला आणि मायन्यापासून शेवटपर्यंत पत्र घडाघडा वाचलें. महाराज संतुष्ट झाले. इतक्यांत मागें मशाल धरून उभ्या असलेल्या मशालजीस हसूं आवरेना. महाराजांनीं कारण विचारलें. मशालजी भीतभीत म्हणाला कीं, चिटणीसांनीं वाचलेला कागद कोरा आहे! महाराजांनीं कागद हातीं घेऊन पाहिला. त्यावर एक रेघही नव्हती. बाळाजीनें अपराध कबूल केला व लगेच बसून तोच मजकूर शब्दास शब्द जुळेल असा लिहून काढला. महाराज रागावले नाहींत. त्यांनीं त्याच्या स्मरणशक्तीची वाखाणणी केली.

आमच्या शाळेंत कोणी कोरी वही उघडून गृहपाठ वाचून दाखविला तर मी त्याला बाळाजी समजणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. हंशाचा भाग सोडला तरी या गोष्टींत लेखनविद्येचें एक मर्म आहे. ज्यानें मोडी लिहिली आहे त्याला तें लवकर उमगेल. रेघ आधींच ओढलेली असते, हात थांबवावयाचा नसतो, शब्दांमध्यें विसाव्याला जागा नसते. म्हणून वाक्य पुरें मनांत उभें राहिल्याशिवाय बोरू दौतींत बुडवून उपयोग नाहीं. जुन्या कागदांकडे निरखून पाहिलें तर बोरू कोठें कोठें बुडविला तें दिसतें: शाई गडद, मग फिकी, मग पुन्हां गडद. चांगल्या लेखकाचा बोरू बहुधा शब्द तोडून दौतीकडे जात नाहीं. बाळाजीचें पत्र कागदावर येण्यापूर्वींच तयार होतें. कागद त्या रात्रीं तेवढा मागें राहिला होता.

इ. स. १६७४ च्या ६ जून रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. काशीचे पंडित गागाभट्ट यांस अनुकूल करून घेण्याच्या खटपटींत बाळाजीचा मोठा हात होता. त्या समारंभाच्या सुमारास महाराजांनीं त्यास अष्टप्रधानांत घेण्याचें मनांत आणिलें असतां, त्यानें तें पद नाकारून चिटणिशीच वंशपरंपरेनें चालावी एवढें मागून घेतलें, असें बखरींत सांगितलें आहे. येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. ही बखर मल्हार रामराव चिटणीस यांनीं इ. स. १८१० च्या सुमारास सातारा दरबारीं लिहिली, आणि ते बाळाजीच्याच वंशांतील. पूर्वजाचें चित्र रंगवितांना वंशजाच्या हातून रंग थोडा गडद होणें साहजिक आहे. तरीसुद्धां ही मागणी मला खरी वाटते. प्रधानकी राजाच्या मर्जीवर. लेखणी मात्र मुलाच्या हातांत देतां येते. ज्याच्या बापाचें सर्व वैभव एका दिवसांत नष्ट झालें होतें, त्याला कोणत्या गोष्टीची शाश्वति अधिक वाटली असेल हें सांगावयास नको.

याच काळांत राज्यकारभारांतील फारशी शब्द काढून त्यांच्या जागीं संस्कृत शब्द घालण्यासाठीं राज्यव्यवहारकोश तयार करविण्यांत आला. सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला. चिटणीस मात्र लोकांच्या तोंडीं चिटणीसच राहिला, व आजही संस्थांच्या कार्यकारी मंडळांत आपण तोच शब्द वापरतों.

३ एप्रिल १६८० रोजीं महाराजांनीं रायगडावर देह ठेवला, आणि येथून बाळाजीच्या आयुष्याचा शेवटचा व फार दुःखाचा भाग सुरू होतो. थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर अण्णाजी दत्तो आदि प्रधानांनीं सोयराबाईसाहेबांच्या संमतीनें दहा वर्षांच्या राजारामास गादीवर बसविलें. संभाजीराजांस पन्हाळ्यावरच अडकवून ठेवावें अशा आशयाचीं पत्रें तिकडे पाठवावयाचें ठरलें. पत्र म्हटलें कीं चिटणीस आला. चिटणीस घराण्याची परंपरा अशी कीं, बाळाजीनें तीं पत्रें आपल्या हातानें लिहिण्याचें टाळलें. तेव्हां तीं त्याचा मुलगा आवजी याच्याकडून लिहविलीं गेलीं.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रसंगाचा मी पुष्कळ वेळां विचार केला आहे. समोर राणी व प्रधान उभे. धनी नुकताच वारलेला. नकार द्यावा तर राजद्रोह, लिहावें तर दुसऱ्या धन्याचा द्रोह. बाळाजीनें आपला हात आंखडून घेतला, परंतु मुलाचा हात आंखडून घेववला नाहीं. कां, तें कोणी सांगावें? ज्या घरांत अक्षराचें वळण बापाकडून मुलाकडे जातें, त्या घरांत मुलानें लिहिलेल्या पत्राकडे पाहून बाहेरच्यानें काय समजावें? बाळाजीसारख्या चतुर मनुष्यास हें सुचलें नसेल असें वाटत नाहीं. मला तर वाटतें कीं, त्याच्या सबंध आयुष्यांत एवढीच एक चूक झाली, आणि ती भीतीपोटीं झाली. परंतु ज्यानें लहानपणीं धन्याच्या एका संशयापायीं बाप गमावला, त्याच्या भीतीस मी नांवें ठेवूं शकत नाहीं.

तीं पत्रें संभाजीराजांच्या हातीं लागलीं. सेनापति हंबीरराव मोहिते यांनीं संभाजीराजांचा पक्ष घेतला, प्रधानांचा बेत फसला व राजे रायगडावर आले. जानेवारी १६८१ मध्यें त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यांनीं प्रधानांस क्षमा करून पुन्हां कामें सांगितलीं. बाळाजीही चिटणिशीवर राहिला. ही क्षमा फार दिवस टिकली नाहीं. त्याच वर्षीं औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर मराठ्यांच्या आश्रयास आला आणि सुधागडाजवळ पालीच्या बाजूस उतरला. संभाजीराजांविरुद्ध नवीन कट झाला. कटवाल्यांचें पत्र अकबराकडे गेलें, व त्यानें तें राजांकडे पोंचतें केलें, अशी हकीकत आहे. पुन्हां पत्रच! त्या कटांत बाळाजीचा कितपत अंगभाग होता याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. कवि कलशानें राजांचें मन कलुषित केलें असेंही सांगतात. परंतु राजांनीं निवाडा करावयास वेळ घेतला नाहीं. १६८१ च्या पावसाळ्यांत सुधागडाच्या पायथ्याजवळ औंढें गांवीं अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, त्याचा मुलगा आवजी व आणखी कांहीं जण यांना हत्तीच्या पायीं देण्यांत आलें. बापलेंक एकाच दिवशीं गेले.

असें सांगतात कीं, हें वर्तमान ऐकून येसूबाईसाहेबांनीं संभाजीराजांस स्पष्ट शब्दांत दोष दिला; थोरल्या महाराजांनीं ज्यास विश्वासानें जवळ केलें, त्या बाळाजीस मारणें योग्य झालें नाहीं असें त्यांनीं बजाविलें. राजांना पश्चात्ताप झाला. बाळाजीचा दुसरा मुलगा खंडो बल्लाळ यास येसूबाईंनीं आपल्या आश्रयास घेतलें होतें. त्यास बोलावून राजांनीं बापाची चिटणिशी त्याच्या हातीं दिली.

ज्यानें आपला बाप व भाऊ मारविले त्याच्याच समोर बसून, त्याच्याच नांवानें पत्रें लिहावयाचीं, हें त्या मुलाच्या नशिबीं आलें. पहिलें पत्र लिहितांना त्याचा बोरू कांपला असेल काय? बाळाजीच्या वेळीं जी दौत पुढें असे तीच पुढें. माथ्यावर तसाच शिक्का. आडवी रेघ तशीच आधीं ओढावयाची. खंडोनें चाकरी पत्करली, आणि ती अशी केली कीं, निष्ठेची परीक्षा घेणाराला दुसरें उदाहरण शोधावें लागूं नये. इ. स. १६८३ मध्यें गोव्याच्या स्वारींत भरतीच्या पाण्यांत संभाजीराजांचा घोडा वाहूं लागला, तेव्हां पाण्यांत उडी घालून त्यानें राजांस बाहेर काढलें, असें परंपरा सांगते. पुढें संभाजीराजांचा वध झाल्यावर राजाराम महाराज वेष पालटून जिंजीकडे गेले, त्या मंडळींत खंडो बल्लाळ होता. झुल्फिकारखानाच्या वेढ्यांतून महाराजांना बाहेर काढावयाचें तर मोगलांच्या छावणींत असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत पाहिजे होती, आणि शिर्क्यांना दाभोळचें वतन हवें होतें. तें वतन खंडोचें होतें. त्यानें तें सोडून दिलें, आणि महाराज जिंजीतून सुटले. वतन म्हणजे त्या काळच्या माणसाचा प्राण. तें देऊन टाकल्याचा कागदही खंडोनें आपल्याच वळणांत लिहिला असेल, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

चिटणिशी त्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालली. मोडी मात्र हळूहळू मागें पडली. इ. स. १९१७ मध्यें मुंबई सरकारनें कारभारांत बाळबोधाचा अवलंब करण्याचें ठरविलें, तरी शाळांतून मोडीचे कित्ते १९५० च्या सुमारापर्यंत गिरविले जात होते. तुमच्या पणजोबांनीं ते गिरविले असतील. पुण्याच्या पेशवे दप्तरांत व इ. स. १९१० मध्यें स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ते वाचणारे थोडे, कागद अगणित. आपल्या गांवांतही कोणाच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटींत, असा एखादा पिंवळा कागद निघण्याचा संभव आहे. निघाला तर तो दुमडूं नका, त्यावर टेप लावूं नका. शनिवारीं शेवटच्या तासास वर्गांत घेऊन या. आधीं त्याची आडवी रेघ पाहूं, मग बोरू कोठें कोठें दौतींत बुडविला तें शोधूं, आणि तेवढ्यांत घंटा झालीच तर उरलेलें सोमवारीं वाचूं.